हार्ड डिस्कमधले फोटो आणि गावातली ओळख

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात १९९७ पासून फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या ५४ वर्षांच्या गृहस्थांनी हे पत्र लिहिले आहे. मोबाइल आल्यापासून पासपोर्ट फोटोंचे काम घटले आहे आणि लग्नसराईच्या कामावर कसेबसे घर चालते. २३ वर्षांचा मुलगा पुण्यात छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन नुकताच परतला आहे. त्याच्या मते स्टुडिओतल्या चौदा हार्ड डिस्कमध्ये जवळपास दोन लाख फोटो नुसते पडून आहेत. ते स्टॉक फोटो, म्हणजे जाहिराती-लेखांसाठी कुणालाही विकत घेता येणारे तयार फोटो, विकणाऱ्या संकेतस्थळांवर चढवले, की पैसे आपोआप येत राहतील आणि लग्नाची कामे घ्यावी लागणार नाहीत. नव्या कॅमेऱ्यासाठी तीन लाखांचे कर्ज काढावे आणि बावीस हजार रुपये भरून ‘घरबसल्या दरमहा पन्नास हजार’ शिकवणारा ऑनलाइन वर्ग लावावा, असा त्याचा आग्रह आहे. पत्रलेखक विचारतात: मुलाला अडवावे की साथ द्यावी? आणि गिऱ्हाइकांचे जुने फोटो असे विकणे बरोबर आहे का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर मी आधी देते, कारण ते निःसंदिग्ध आहे आणि ते कळल्यावर पहिल्या प्रश्नाचे स्वरूपच बदलते. गिऱ्हाइकांनी पैसे देऊन काढून घेतलेले फोटो तुम्हाला विकता येणार नाहीत. ते तुमच्या कॅमेऱ्याने, तुमच्या हातांनी आणि तुमच्या कौशल्याने काढलेले असले, तरीही नाही. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे छायाचित्राचा पहिला हक्कदार सामान्यतः छायाचित्रकारच असतो. मात्र मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर पहिला हक्क ज्याने काम सांगितले त्याचा असतो. लग्न, बारसे, डोहाळजेवण, शाळेच्या ओळखपत्रांसाठी काढलेले मुलांचे चेहरे हे सगळे या अपवादात मोडते. त्या वेळी लेखी करार करण्याची पद्धत आपल्या गावांत नव्हती, म्हणून तुमच्याकडे तो असण्याची शक्यताही कमीच.

कॉपीराइटचा प्रश्न समजा सुटला, तरी फोटोत दिसणाऱ्या माणसाची संमती ही त्याहून वेगळी गोष्ट उरतेच. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेले एक प्रकरण तुमच्या मुलाने अवश्य समजून घ्यावे. एका ग्रामीण भागातील महिलेचा फोटो तिच्या ओळखीच्या छायाचित्रकाराने काढला, तिच्या संमतीशिवाय आंतरराष्ट्रीय स्टॉक संकेतस्थळावर चढवला, आणि तो चेहरा वेगवेगळ्या राज्य सरकारांच्या जाहिरातींत झळकू लागला. तिने न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने हा व्यापारी गैरवापर असल्याचे प्रथमदर्शनी मत नोंदवून संबंधितांना नोटिसा काढल्या. त्या बाईच्या जागी तुम्ही फोटो काढलेल्या कुठल्याही नवरीची आई, कुठलीही भाजीवाली मावशी ठेवून पाहा. आपला चेहरा भिंतीवरच्या फलकावर पाहून ती सगळ्यांत आधी तुमच्या दुकानाच्या पायऱ्या चढेल.

म्हणजे दोन लाखांमधले बहुतांश फोटो या हिशेबातून बाहेर गेले. मुलाची निराशा होईल, पण ही गोष्ट तुम्ही त्याला आजच सांगितली पाहिजे. पुढचा सगळा बेत त्या हार्ड डिस्क ही दडवलेली पुंजी आहे, या समजुतीवर उभा आहे.

उरते काय, तेही पाहू. कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या ओढीने तुम्ही काढलेले फोटो नक्कीच असतील: घाटावरची सकाळ, आठवडी बाजार, गुऱ्हाळ, बेंदराचे सजवलेले बैल. कृष्णाकाठी राहता, म्हणजे २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत तुम्ही कॅमेरा घेऊन बाहेर पडला असाल, असे मी धरून चालते. या फोटोंवर हक्क तुमचा आहे. त्यांत ओळखू येणारे चेहरे असतील आणि त्या लोकांची लेखी संमती नसेल, तर ते जाहिरातीसाठी देता येत नाहीत. ‘संपादकीय वापरासाठी’ या वर्गात मात्र देता येतात, म्हणजे बातमी, लेख, पुस्तक, पाठ्यसाहित्य यांसाठी. त्यासाठी स्थळ आणि तारीख अचूक द्यावी लागते आणि सगळीच संकेतस्थळे असे फोटो घेत नाहीत. अलामीसारखी काही घेतात. २००५ च्या पुराची निगेटिव्ह तुमच्या कपाटात असेल, तर ती नीट स्कॅन करून घ्या, कारण तो फोटो पुन्हा काढता येणार नाही. असे फोटो महिन्याला शंभर वेळा विकले जात नाहीत. वर्षांतून एखाद्या वेळी, पण त्याच फोटोची गरज असलेल्या माणसाला विकले जातात.

आता पैशांकडे येऊ. ‘आपोआप’ हा शब्द मुलाने कुठे ऐकला असेल, ते मला ठाऊक आहे, कारण काही वर्षांपूर्वी तो मलाही भुरळ घालून गेला होता. फोटो एकदाच काढायचा आणि तोच पुन्हा पुन्हा विकायचा, हे खरे आहे. पण प्रत्येक विक्रीमागे हातात काय पडते, ते पाहा. शटरस्टॉक या स्टॉक संकेतस्थळाने जून २०२० पासून फोटोंसाठी मोबदल्याच्या सहा पायऱ्या ठेवल्या आहेत. पहिल्या शंभर डाउनलोडपर्यंत १५ टक्के, मग वाढत वाढत पंचवीस हजारांच्या वर ४० टक्के, आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. एका डाउनलोडमागे किमान दहा सेंट मिळतात. अडोबी स्टॉक हे दुसरे संकेतस्थळ फोटोंसाठी ३३ टक्के आणि व्हिडिओसाठी ३५ टक्के देते, आणि खात्यात किमान २५ डॉलर जमल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. वर्गणी भरून महिन्याला शेकडो फोटो उतरवून घेणारे गिऱ्हाईक एका फोटोमागे फारच थोडे मोजते, त्यामुळे टक्केवारी चांगली दिसली तरी रक्कम लहानच राहते.

गणितासाठी धरू की सरासरीने एका डाउनलोडला ४० सेंट मिळाले आणि डॉलर ८५ रुपयांचा आहे. म्हणजे एका विक्रीला ३४ रुपये. महिन्याला वीस हजार मिळवायचे तर जवळपास ५९० डाउनलोड हवेत. तीन लाखांचे कर्ज बारा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे दहा हजारांचा बसेल. म्हणजे पहिले २९४ डाउनलोड केवळ बँकेसाठी, आणि तेही पहिल्याच महिन्यापासून, जेव्हा तुमच्या खात्यात पन्नास फोटोही मंजूर झालेले नसतील. हा हिशेब तुम्ही दोघांनी एका कागदावर स्वतःच्या हातांनी मांडावा, असे मला फार वाटते. एखादा वडील ‘नको’ म्हणतो तेव्हा मुलाला त्यात अविश्वास दिसतो. तोच आकडा दोघांनी मिळून काढला, की वाद माणसांमधला राहत नाही.

दर ठरवण्यात आपला काहीच हात नसतो, हेही ध्यानात असू द्या. गेट्टी आणि शटरस्टॉक या स्टॉक फोटोंच्या दोन मोठ्या कंपन्यांनी जानेवारी २०२५ मध्ये एकत्र येण्याची घोषणा केली. विकत घेणाऱ्या दुकानांची संख्या अशी कमी होत जाते, तेव्हा माल पुरवणाऱ्याने आपला सगळा चरितार्थ त्यांच्यावर टाकू नये. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या तालुक्यात राहणाऱ्या माणसाला हे मी वेगळे समजावायला नको.

तरीही मी तुम्हाला ‘मुलाला अडवा’ असे म्हणणार नाही. या कामातून पूरक उत्पन्न होते, आणि काळजीपूर्वक केले तर ते टिकतेही. फक्त कुठला फोटो विकला जातो, याबद्दलची आपली कल्पना आधी दुरुस्त करावी लागते. मी स्वतः काही वर्षे असे फोटो विकले. हरिश्चंद्रगडावर दोन रात्री मुक्काम करून कोकणकड्यावरून टिपलेला सूर्यास्त, ज्याचे माझ्या मित्रमैत्रिणींनी तोंडभरून कौतुक केले, तो एकदाही विकला गेला नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकीच्या उजेडात, वरून काढलेला मिसळणाच्या डब्याचा फोटो मात्र शंभराहून अधिक वेळा गेला. एकाही महिन्यात त्या पैशांतून घरभाडे निघाले नाही, पण त्या डब्याने मला एक गोष्ट शिकवली. घेणाऱ्याला माझा अनुभव नको असतो, त्याच्या लेखाची रिकामी जागा भरायची असते. हळदीवर लेख लिहिणाऱ्याला हळद हवी असते, आणि शीर्षक छापण्यासाठी फोटोत थोडी मोकळी जागाही.

सूर्यास्त, हस्तांदोलन, लॅपटॉपसमोरचा हसरा तरुण असे फोटो तर आता कृत्रिम बुद्धिमत्तेने क्षणात तयार होतात. गेट्टीने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा चित्रांना दार बंद केले. अडोबी स्टॉकने त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून, तशी नोंद करण्याच्या अटीवर, ती स्वीकारायला सुरुवात केली. त्यामुळे कुठेही घडू शकेल असे दृश्य विकण्याची आशा तुमच्या मुलाने ठेवू नये. विशिष्ट गावातले, विशिष्ट दिवसाचे, खऱ्या माणसाचे दृश्य मात्र यंत्राला घडवता येत नाही. नऊवारीचा काष्टा यंत्र अंदाजाने काढते. तो नेसणारी आजी तुमच्या गल्लीत राहते.

पत्रात तुम्ही जे ओझरते लिहिले आहे, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. तुम्ही लिहिता की तीन पिढ्यांचे लोक तुमच्याकडे फोटो काढायला येतात आणि पैसे नसले तर ‘नंतर द्या’ असे म्हणण्याइतकी सगळ्यांशी ओळख आहे. स्टॉक फोटोंच्या धंद्यात सर्वांत दुर्मीळ गोष्ट चांगला कॅमेरा ही नाही. समोरच्या माणसाने सही केलेले संमतिपत्र ही आहे. त्याला ‘मॉडेल रिलीज’ म्हणतात. ते असेल तर तोच फोटो जाहिरातीसाठीही विकता येतो, म्हणजे त्याचे गिऱ्हाईक कितीतरी वाढते. शहरातून आलेला अनोळखी छायाचित्रकार शेतकऱ्याचा सुंदर फोटो काढेल, पण त्याच्यासमोर छापील कागद ठेवायला तो धजणार नाही. तुम्ही ठेवू शकता. अठ्ठावीस वर्षांत जमलेली खरी पुंजी हीच आहे.

मात्र ती वापरताना फार जपायला हवे. या कागदाचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. तो मराठीत वाचून समजावून सांगा. हा फोटो जगात कुठेही, खताच्या, विम्याच्या किंवा बँकेच्या जाहिरातीत दिसू शकतो, तो कुठे जाईल हे आपल्याला आधी कळणार नाही, आणि एकदा विकला गेला की परत घेता येणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. ज्यांना हे ऐकून संकोच वाटेल, त्यांना आग्रह करू नका. सही करणाऱ्याला त्याच दिवशी मानधन द्या. पाचशे रुपये दिले तरी चालतील, पण ओळखीवर फुकट काम करून घेऊ नका. साक्षीदाराची सहीही घ्या. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची सही लागते. माझे व्यक्तिगत मत विचाराल तर सुरुवातीचे वर्षभर लहान मुलांचे फोटो घेऊच नयेत.

नव्या कॅमेऱ्याचे कर्ज आत्ता काढू नका. अडोबी आणि शटरस्टॉक या दोन्हींकडे चार मेगापिक्सेलचा फोटो चालतो. लग्नाच्या कामाचा तुमचा सध्याचा कॅमेरा त्याच्या कितीतरी पुढे असणार. फोटो नाकारले जातात ते फोकस हुकल्याने, अंधारात दाणे आल्याने, एकसारखे वीस फोटो पाठवल्याने, किंवा कोपऱ्यात बिस्किटाच्या पुड्यावरचे नाव, शर्टावरचे चिन्ह, चहाच्या टपरीवरच्या क्यूआर कोडच्या पाटीवरचे कंपनीचे नाव राहून गेल्याने. यातले बहुतेक काही महाग कॅमेऱ्याने सुधारत नाही. ऑनलाइन वर्गाचे बावीस हजारही वाचवा. संकेतस्थळांचे नियम त्यांच्याच पानांवर विनामूल्य आहेत, आणि जो माणूस फोटो विकून पन्नास हजार मिळवतो, त्याने ते शिकवण्याचे बावीस हजार का मागावेत, याचा मुलाने शांतपणे विचार करावा.

स्टुडिओतले दिवे आणि पांढरा पडदा मात्र उद्यापासून कामाला लावता येतील. पुरणपोळी, तिळगूळ, उकडीचे मोदक, गुढीचे साहित्य, विड्याची पाने आणि सुपारी, तव्यावर फुगणारी भाकरी असे स्वच्छ उजेडातले फोटो तुमच्या घरातच तयार होतील, आणि त्यांना कुणाची सही लागत नाही. सणाचे फोटो सणाच्या दोन-तीन महिने आधी चढलेले असावेत, कारण जाहिरात करणारे तेव्हाच शोधू लागतात. गणपतीचे साहित्य वटपौर्णिमेच्या सुमारास तयार हवे. त्यासाठी यंदाच्या सणात पुढच्या वर्षीचे फोटो काढून ठेवावे लागतात. नाव आणि शोधशब्द देण्यात आळस करू नये. अडोबी स्टॉकवर एका फोटोला ४९ शब्द देता येतात आणि पहिल्या दहांना सर्वाधिक वजन असते. खरेदीदार ‘भाकरी’ शोधेल किंवा ‘सोरघम फ्लॅटब्रेड’ शोधेल. दोन्ही शब्द इंग्रजी लिपीत हवेत. बाजरीची भाकरी आणि ज्वारीची भाकरी यांत गल्लत झालेली असंख्य चित्रे जगभर फिरत आहेत. नेमके नाव देणारा माणूस तिथे वेगळा उठून दिसतो, आणि या कामात तुमच्या पत्नीची मदत मुलाला तुमच्यापेक्षाही जास्त होईल.

कराविषयी थोडे, कारण असे प्रश्न इतर वाचकांकडूनही आले आहेत. अमेरिकी संकेतस्थळावर खाते उघडल्यावर डब्ल्यू-८ बीईएन नावाचा अर्ज भरावा लागतो. तो भरून भारत-अमेरिका करारातील सवलत मागितली नाही, तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. मागितली तर १५ टक्के. हे उत्पन्न आपल्या विवरणपत्रातही दाखवायचे असते आणि तिकडे कापलेल्या कराचे श्रेय इकडे मागता येते. त्यासाठी पहिल्याच वर्षी लेखापालाशी बोलून घ्यावे. खाते ज्याच्या नावाचे, पॅन आणि बँक खातेही त्याच्याच नावाचे असू द्या.

माझी सूचना अशी आहे. लग्नाची कामे बंद करायची नाहीत, पण आठवड्यातले दोन दिवस मुलाला या कामासाठी मोकळे द्यायचे. बारा महिन्यांत निवडक पाचशे फोटो दोन संकेतस्थळांवर मंजूर करून घेणे, हे त्याचे ध्येय असावे. किती रुपये आले, यापेक्षा कुठल्या प्रकारचे फोटो गेले, याची त्याने वहीत नोंद ठेवावी. वर्षाअखेरीस ती वही पाहून पुढचे ठरवता येईल. तेव्हा कॅमेऱ्याची गरज खरोखर दिसली, तर कर्जाचा विचार जरूर करा.

दरम्यान त्याच कौशल्याला गावातही गिऱ्हाईक आहे, आणि ते डॉलरची वाट पाहायला लावत नाही. सेंद्रिय गूळ विकणारे, मसाले करणारे बचत गट, बेदाणा पाठवणारे व्यापारी, कृषी पर्यटन केंद्रे या सर्वांना आता ऑनलाइन विक्रीसाठी मालाचे स्वच्छ फोटो लागतात. एका दुपारच्या कामाचे तीन-चार हजार मिळाले, तर ते शंभर डाउनलोडइतके होतात. काम ठरवताना या वेळी एक कागद जरूर करा: फोटोंचा हक्क कुणाकडे राहील आणि तुम्हाला ते अन्यत्र वापरता येतील का, हे त्यात लिहून घ्या. आणि त्या चौदा हार्ड डिस्क आणि कपाटातल्या जुन्या निगेटिव्ह? त्यांतल्या लग्नांचे फोटो परक्यांना विकता येत नाहीत, पण ज्यांचे आहेत त्यांना पोहोचवता येतात. १९९८ मध्ये लग्न झालेल्या जोडप्याची मुलगी आज लग्नाची झाली असेल. ओल लागून चिकटलेल्या अल्बमच्या जागी आईवडिलांचे फोटो नव्याने स्कॅन करून, रंग सुधारून मिळणार असतील, तर त्या कामाचे योग्य पैसे ती आनंदाने देईल.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘त्याला माझे काम कमीपणाचे वाटते, अशी भीती वाटते.’ मला तसे दिसत नाही. ज्या मुलाला वडिलांचे काम कमी वाटते, तो त्यांच्या दोन लाख फोटोंवर आपले भविष्य उभे करू पाहत नाही. त्याचा हिशेब चुकला आहे. पण आपल्या घरात काहीतरी मौल्यवान जमले आहे, ही त्याची जाण चुकलेली नाही.

म्हणून सुरुवात अशी करा. येत्या रविवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवा आणि त्याला तुमचाच फोटो काढू द्या: काउंटरमागे बसलेले, चष्मा कपाळावर सरकवलेले, निगेटिव्हची पट्टी दिव्यासमोर धरून पाहणारे तुम्ही. मग त्याने संमतिपत्र छापून तुमच्यासमोर ठेवावे आणि त्यातली प्रत्येक ओळ तुम्हाला मराठीत समजावून सांगावी. तुम्ही ती शंका विचारत ऐका, पटली तर सही करा, आणि त्याच्याकडून पाचशे रुपये मानधन घ्या.